घाटावरचा उस्तुखुद्दूस

मलकापूरहून निघालेली एस.टी. मोताळा मागे टाकून राजूर घाट चढू लागली की मे महिन्यातही प्रवासी खिडकीच्या काचा सरकवतात. खाली ज्या वाऱ्याने तोंड भाजत होते, तो वर येता येता सोसवेल असा होतो. मलकापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर, तर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेले बुलढाणा साडेसहाशेच्या आसपास. एवढ्या फरकाने आमच्या जिल्ह्याचे दोन भाग पडले आहेत: घाटावरचा आणि घाटाखालचा. सोयरीक जमवतानाही आधी हेच विचारतात. झाड लावतानाही तेच विचारावे लागते.

माझ्या वर्गातल्या मुलींनी मोबाईलवर भद्रवाहची जांभळी शेते पाहिली आहेत. भद्रवाह जम्मूकडच्या डोडा जिल्ह्यात. तिथल्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी लॅव्हेंडर लावले, सरकारच्या अरोमा मिशनमधून रोपे मिळाली आणि २०२२ मध्ये तिथे पहिला लॅव्हेंडर महोत्सव भरला. "मॅडम, हे विलायती झाड आपल्याकडे येईल का?" असे मुली विचारतात. येईल, पण त्याआधी 'विलायती' या शब्दाबद्दल थोडे बोलायला हवे.

ज्यांच्या घरात हकीमांची पुडी येत असे, त्यांना उस्तुखुद्दूस हे नाव ठाऊक असेल. नजला झाला, डोके जड झाले की जोशांद्यात पडणारी ती करड्या-जांभळ्या रंगाची वाळकी कणसे म्हणजे लॅव्हेंडरचीच एक जात. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या स्टोइकाडेस बेटांवरून ग्रीकांनी तिला नाव दिले. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसच्या ग्रंथात ती आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये त्या ग्रंथाचा अरबी तर्जुमा झाला, तेव्हा ग्रीक नावाचे उस्तुखुद्दूस झाले. इब्न सीनांच्या 'अल-कानून'मध्येही ते आहे. हकीम मंडळी त्याला 'जारूब-ए-दिमाग' म्हणत, म्हणजे मेंदूचा झाडू! वर्गात हे सांगितले की मुली खूप हसतात आणि मग कधी विसरत नाहीत.

याहून गंमत इत्रीफल उस्तुखुद्दूस या माजूनची. इत्रीफल हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला खरा, पण अरबीत तो गेला आपल्याच 'त्रिफळा'वरून. हिरडा, बेहडा, आवळा इकडचे, उस्तुखुद्दूस भूमध्य समुद्राकाठचा, आणि दोघे एकाच बरणीत. मी उर्दूही शिकवते आणि मराठीही, त्यामुळे हा एक शब्द मला दोन्ही तासांना उपयोगी पडतो.

लॅव्हेंडरची एक रानटी बहीण तर आपल्याच मातीची आहे. शास्त्रीय नाव लॅव्हेंड्युला बिपिनाटा. दख्खनच्या पठारावर खडकाळ, मुरमाड माळांवर ती आपोआप उगवते. पाऊस ओसरला, कुसळी गवत पिवळे पडू लागले की त्यात तिच्या बारीक दांड्यांवर निळसर-पांढरी फुले दिसतात. पाने पिसासारखी कातरलेली. वास बेताचाच, अत्तरवाल्याच्या कामाची नाही. गुराख्याला विचारले तर "रानातलं झाड हाय" एवढेच उत्तर मिळते. पण ती कुठे वाढते हे नीट पाहिले की कुंडीतल्या लॅव्हेंडरचे निम्मे शिक्षण होते. उताराची जागा, दगडगोटे, पाणी पडले की निघून जाते. काळ्या रानात ती दिसत नाही.

लोकांना वाटते, लॅव्हेंडर आपल्या उन्हाने मरते. घाटाखाली ते खरेही आहे. घाटावर मात्र त्याला मारतो तो पाऊस. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे उलटे. जुलै-ऑगस्टच्या दमट उबेत त्याची मुळे कुजतात. काळी माती चुनखडीची असल्याने तशी मानवायला हरकत नव्हती, पण ती पाणी धरून बसते. म्हणून बुडाला मोठे भोक असलेली मातीची कुंडी घ्यावी. निम्मा बारीक मुरूम, थोडी जाड वाळू, उरलेली माती आणि मूठभर गांडूळखत, बस्स. जास्त खत घातले तर झाड नुसते पसरते आणि वास उतरतो. जूनमध्ये कुंडी छज्जाखाली, ऑक्टोबरमध्ये पुन्हा उन्हात. रोपवाटिकेत विचारताना दातेरी पानांची जात मागावी, तिला फ्रेंच लॅव्हेंडर म्हणतात. ज्या इंग्लिश लॅव्हेंडरचे तेल प्रसिद्ध आहे, त्याला फुलण्याआधी चांगली थंडी लागते. आपल्या हिवाळ्यात ते बहुधा पानांवरच राहते.

आमच्या अंगणात ही दातेरी पानांची कुंडी आली तेव्हा सासरे हयात होते. अब्बांनी पान चुरगळून नाकाशी धरले आणि म्हणाले, "ही तर पुडीची बू आहे." ते खामगावच्या एका पन्साऱ्याकडून वर्षानुवर्षे उस्तुखुद्दूस आणत. ते दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली होती, पण नाकाने ओळख ठेवली होती. मग रोज फजरनंतर बाहेर आले की एक पान तोडायचे आणि कुर्त्याच्या खिशात टाकायचे. अम्मीजान कपडे धुताना खिशातून ती पाने काढून वैतागायच्या.

अब्बांचा इंतकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला. अम्मीजान इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस. अत्तराच्या शिशा त्यांनी स्वतःच माझ्या कपाटात ठेवायला दिल्या. झाडाला पाणी घालायला मनाई नव्हती, पण पानाला हात लागला की वास बोटांना राहतो, म्हणून त्या लांबूनच तांब्याने थोडेसे पाणी सोडत. तेही आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात लॅव्हेंडरला एवढेच लागते. त्या वर्षी झाडाचे एक पानसुद्धा काळे पडले नाही. ऑक्टोबरमध्ये इद्दत संपली त्या सकाळी शेजारच्या बायका आल्या होत्या, चहा झाला. त्या गेल्यावर अम्मीजान अंगणात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी खिडकीतून पाहिले आणि माझ्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांचा दुपट्टा धुवायला घेतला तर गाठीत दोन पाने बांधलेली होती. मी ती परत बांधून ठेवली.

वापराचे म्हणाल तर आमच्याकडे ते साधे आहेत. कणसे उमलू लागताच सकाळी, दव सुकल्यावर कापायची, जुडी बांधून सावलीत उलटी टांगायची. वाळली की मलमलच्या पोटलीत भरून दुलया आणि लोकरीच्या कपड्यांच्या पेटीत ठेवायची. कसर लांब राहते. फुलोरा संपला की हिरव्या भागापर्यंतच छाटायचे, जुन्या लाकडाला कात्री लावली तर तिथून सहसा फुटत नाही. मात्र कुंडीतली पाने घेऊन घरी जोशांदा करायला जाऊ नका. दवेतला उस्तुखुद्दूस वेगळ्या जातीचा, आणि बाजारात त्या नावाखाली दुसऱ्या वनस्पतीही विकल्या जातात. ते काम हकीमांचे. बाटलीतले तेल तर पोटात घ्यायचेच नाही, आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायचे नाही.

नोव्हेंबरमध्ये मी कोवळ्या फांद्यांची सहा कलमे केली, नुसत्या ओल्या वाळूत. चार जगली. त्यातली दोन घाट उतरून नांदुऱ्याला माझ्या बहिणीकडे गेली आहेत. तिने कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी ठेवल्या आहेत, दहानंतर ऊन पोहोचत नाही अशा जागी. एप्रिल निघाला. काल फोनवर म्हणाली, एका रोपाची खालची पाने वाळली आहेत, शेंडा हिरवा आहे. मेचे अजून दहा दिवस बाकी आहेत.