जाळीचे दार

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला त्या दिवशी आमच्या हातात लेखणी नव्हती, रंधा होता. अंधेरी पूर्वेतील आमच्या घराच्या गॅलरीला डासांसाठी जाळीची चौकट आहे. तिचे उजवीकडचे दार सलग तिसऱ्या पावसाळ्यात अडकले होते आणि सलग तिसऱ्यांदा आम्ही त्याचा वरचा कोपरा तासत होतो. आपल्या वसतिगृहाच्या जाळीच्या व्हरांड्यात ज्यांनी पाठांतरे केली, त्यांना या चौकटीचे अप्रूप सांगावे लागणार नाही. किंबहुना तो व्हरांडा मनात होता म्हणूनच आमच्या कालकथित वडिलांनी पैसे जमताच गॅलरीला ही सागवानी चौकट करून घेतली असावी, असे आम्हांस वाटते. सुट्टीत घरी आलो की उजेडात बसून वाचायला जागा हवी, हा आमचा हट्ट त्यांनी ऐकला होता.

इमारत १९८४ सालची, तळमजला अधिक तीन मजल्यांची. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. वडील मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. गॅलरी बारा फूट लांब, चार फूट रुंद. तिच्यात सकाळी आईची खुर्ची असते आणि सायंकाळी सातनंतर आमची छोटी अभ्यासिका भरते. आसपासच्या वस्तीतील आठ-दहा मुले चटईवर बसतात. गेली अनेक वर्षे हा क्रम चालू आहे.

तर दार अडकत होते. पावसाळ्यात लाकूड फुगते, हे कोणीही सांगेल. आम्हीही तेच म्हणालो. चौकटीच्या वर, छताशी, एक फटही पडली होती. तिच्यातून डास येत. पहिल्या वर्षी आम्ही तिथे लाकडाची पातळ पट्टी ठोकली, दुसऱ्या वर्षी तिच्यावर दुसरी, तिसऱ्या वर्षी जरा जाड तिसरी. प्रत्येक वेळी पुट्टी भरून वरून रंग मारला. काम इतके नीट झाले की सहचारिणीने कौतुक केले.

इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला आणि तीस वर्षे मुलांना साधनचिकित्सा शिकवणारा माणूस यात काय चुकला, ते सांगणे भाग आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते, हे खरे. मग ते हिवाळ्यात आकसायला हवे. आमचे दार जानेवारीतही तसेच अडकत होते. हा पुरावा आमच्या डोळ्यांसमोर, रोज हाताला लागणारा, आणि आम्ही तो वाचला नाही. कागदपत्रांत विसंगती दिसली की थांबावे, हे वर्गात सांगायचे. घरात विसंगती दिसली की रंधा काढायचा.

यंदा रंध्याचे पाते बोथट झाले म्हणून ओळखीच्या एका मिस्त्रींना बोलावले. वयस्कर, रत्नागिरीकडचे गृहस्थ. त्यांनी दाराला हातही लावला नाही. आधी वरच्या तिन्ही पट्ट्या उचकटल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. मग खिशातून फूटपट्टी काढून एकेक मोजली. तीन मिलिमीटर, चार मिलिमीटर, सात मिलिमीटर.

“सर, लाकूड असं हिशेबानं फुगत नाही,” ते म्हणाले. “दार सरळ आहे. तुमची गॅलरी खाली चाललीय. उजवीकडून जास्त.”

आम्ही काही बोललो नाही. त्यांनी विचारले, “भिंतीपाशी लादीला चीर आहे का?”

होती. खोलीच्या उंबरठ्याला समांतर, केसासारखी, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दरवर्षी भीमजयंतीच्या आधी रंगरंगोटी होते, तेव्हा आम्ही स्वतः ती पांढऱ्या सिमेंटने भरत आलो होतो. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने लादी ठोकत नेली. बाहेरच्या बाजूला आवाज खणखणीत, चिरेजवळ भदभदा. मग खाली वाकून गॅलरीचा तळ पाहिला. तळाचे प्लास्टर स्वच्छ, एकही पोपडा नाही. आमचा जीव जरा भांड्यात पडला. त्यांचा मात्र पडला नाही. “खालून चांगलं दिसतंय, हेच वाईट,” एवढे बोलून त्यांनी आईला हात धरून आतल्या खोलीत नेले.

याचा अर्थ दुसऱ्या दिवशी आलेल्या संरचना अभियंत्यांनी समजावला. दोन्ही बाजूंनी भिंतीवर टेकलेल्या छताला भार खालून ताणतो, म्हणून त्यातील मुख्य सळ्या तळाशी असतात. त्या गंजल्या की प्लास्टर फुगते, पोपडे पडतात, घरातल्यांना कळते. गॅलरी मात्र एकाच बाजूने धरलेली असते. आडवा पसरलेला हात डोळ्यांसमोर आणावा. त्यावर ओझे ठेवले की ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो. म्हणून गॅलरीच्या मुख्य सळ्या वर असतात, फरशीच्या अगदी खाली, आणि सर्वाधिक ताण भिंतीपाशी. फरशीवर साचलेले पाणी झिरपते ते नेमके त्यांच्यावर. खालून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, आणि असा सज्जा जायचा झाला की फारशी पूर्वसूचना न देता जातो.

लोखंड काँक्रीटमध्ये टिकते ते काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे. त्या गुणाने सळीवर एक अतिपातळ संरक्षक थर धरतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरून तो गुण कमी करतो, आणि समुद्राकडून येणारा खार तो थरच भेदतो. जुहू-वर्सोव्याचा किनारा आमच्यापासून लांब नाही. गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून उलते. एवढे विज्ञान आम्हांस या वयात, स्वतःच्या गॅलरीत शिकावे लागले.

पाणी साचले का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आमच्याजवळच निघाले. २००९ साली आम्ही जुनी मोझॅक फरशी न काढता तिच्यावर नवी लादी बसवून घेतली. काढण्याचा खर्च वाचला, दोन दिवस वाचले. त्यात मूळचा बाहेरचा उतार गेला आणि कोपऱ्यातील पाणी जाण्याचे भोक अर्धे बुजले. उजवा कोपरा तो हाच. शिवाय अट्ठेचाळीस चौरस फुटांवर दोन इंचांचा माल आणि लादी म्हणजे सुमारे पाचशे किलो वजन. आमच्या अभ्यासिकेतील सगळी मुले मिळून एवढ्या वजनाची नसतील. बांधणाऱ्याला दोष देणे सोपे होते, आणि लादी उखडल्यावर सळ्या हव्या त्यापेक्षा खाली दबलेल्या निघाल्या, हेही खरे. ओतकामाच्या वेळी त्यांच्यावरून माणसे चालली असावीत, असा अभियंत्यांचा कयास. तरी पाण्याला वाट करून दिली ती आम्हीच.

उघड्या पडलेल्या सळीला त्यांनी बोट लावले, तेव्हा तिचे पापुद्रे सुटले. भिंतीपाशी ती मूळ जाडीच्या निम्मीही उरली नव्हती. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. मनात एकच हिशेब चालू होता: आठ-दहा मुले, आठवड्याचे सहा दिवस, इतकी वर्षे. आदल्याच आठवड्यात एका मुलीचे दहावीचे यश साजरे करायला त्या गॅलरीत चौदा-पंधरा जण उभे होते.

आपल्या उपनगरांना अशा गोष्टींची सवय व्हावी, हे दुर्दैव. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते. २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेत बर्कली येथे एक गॅलरी भिंतीपासून तुटली आणि ६ तरुण विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तिथे लोखंड नव्हते, लाकडी तुळया होत्या, आणि त्या आत कोंडलेल्या ओलीने कुजल्या होत्या. तेही एका वाढदिवसासाठी जमले होते.

कायदा नाही असे नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३५३-ब नुसार तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची संरचना तपासणी बंधनकारक आहे. आमच्या इमारतीची ती झाली होती, प्रमाणपत्रही दप्तरी आहे. तपासनीस आले तेव्हा निम्म्या घरांची दारे बंद होती. आम्ही शाळेत होतो. त्यांनी गॅलऱ्या रस्त्यावरून पाहिल्या, म्हणजे खालून. शिवाय जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले ते मूळ शहराच्या बेटासाठी. अंधेरी १९५० साली बृहन्मुंबईत आली खरी, पण तो आधार उपनगरांना मिळाला नाही. येथे ज्याचे घर त्याची दुरुस्ती, आणि गृहनिर्माण संस्थेत ‘ज्याचे’ म्हणजे कोणाचे, यावरच सभा संपते.

आमची सभाही तशीच चालली. “गॅलरी तुमची, खर्च तुमचा,” हे पहिले वाक्य. तेही आम्ही मान्य केले असते, परंतु अडचण दुसरीच होती. आमची गॅलरी तोडून नवी घालायची तर तिला टेकू द्यावा लागतो, आणि तो खालच्या गॅलरीवर ठेवून चालत नाही. तीही त्याच वयाची, त्याच हातांनी बांधलेली. टेकूंची ओळ पहिल्या मजल्यातून थेट जमिनीपर्यंत न्यावी लागते. म्हणजे खालच्या दोन कुटुंबांच्या बैठकीसमोर सहा-सात आठवडे लोखंडी खांब. पहिल्या मजल्यावरील गृहस्थ साफ नाही म्हणाले. त्यांच्या मुलाचे लग्न ठरले होते.

तळमजल्यावरच्या आजींनी तोड काढली. त्या सभेत कधी बोलत नाहीत. त्यांनी विचारले, “सर, मुलं खाली कुठं बसवणार?” आमच्याकडे उत्तर नव्हते. “मग माझ्या खोलीत बसवा. खांबही लावा. पडलं तर माझ्याच डोक्यावर पडणार आहे ना?” यावर पहिल्या मजल्याने लग्नानंतरची तारीख दिली. तोवर आमची गॅलरी दोरी बांधून बंद राहिली.

दरम्यान एका रविवारी मुलांना घेऊन महाकाली लेण्यांत गेलो. आमच्या घरापासून चालत जाण्याजोगे अंतर. कोंडिवट्याच्या त्या चैत्यगृहात स्तूपाभोवती गोल भिंत आहे आणि तिला दगडातच कोरलेल्या जाळीच्या खिडक्या आहेत. लाकडी घराची ती दगडी आठवण. दरवर्षी आम्ही तिथे शिल्पाबद्दल बोलतो. यंदा मुले ओल शोधत होती. कुठे झिरपते, कुठे दगड सुटतो, कुठला थर आधी जातो. तेथील खडक ज्वालामुखीचा, तुकडे चिकटून झालेला. पाण्याने तो झिजतो. एका मुलाने भिंत बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. आम्ही त्याला रागावलो नाही.

काम ऑक्टोबरात सुरू झाले आणि डिसेंबरात संपले. नव्या सळ्या आतल्या छतात खोलवर नेऊन बांधल्या, उतार बाहेरच्या बाजूस दिला, पाण्याचे भोक दोन बोटे मोठे केले. सागवानी चौकट तीच बसवली. मिस्त्रींनी तासलेला कोपरा लाकूड जोडून पुन्हा भरून काढला, कारण आता दार लहान पडत होते. आई पहिल्या दिवशी खुर्ची घेऊन उंबरठ्यातच बसली. दुसऱ्या आठवड्यात एक पाय बाहेर ठेवला.

उरलेल्या गॅलऱ्यांच्या चिरांवर अभियंत्यांच्या सांगण्यावरून काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या आहेत. चीर हलली की काच तडकते. अभ्यासिकेतील दोन मुली दर शनिवारी त्या पाहतात आणि वहीत तारीख घालून नोंद करतात. बारा आठवडे ‘बदल नाही’ असेच लिहिले जात होते. गेल्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावरील डावीकडची पट्टी तडकलेली आढळली. वही आम्ही चिटणीसांकडे दिली आहे. सभा येत्या रविवारी सकाळी दहाला, तळमजल्यावर आजींच्या खोलीत.