गोळी आहे की नुसती पावडर?

पिंपळे गुरवमध्ये दोन गोष्टींची कमतरता कधीच भासत नाही. वडापावच्या गाड्या आणि मेडिकलची दुकानं! आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक हिंजवडीला आयटीत, उरलेले चाकणला प्लान्टवर. रजा कुणालाच परवडत नाही. मग घसा धरला की डॉक्टर बायपास, काउंटरवर सरळ ऑर्डर, 'तीन अ‍ॅझी द्या.' माझी रूममेट नाइट शिफ्टला जाता जाता चॉकलेट घ्यावं तशी गोळी घेते. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या पर्समध्ये. सर्दी व्हायरसची असेल तर ती गोळीशिवायही गेलीच असती, हे तिला कोण सांगणार?

माझ्या घरात हा विषय शिरला तो गेल्या वर्षी, बाबांच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमधून. डावीकडे अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी, समोर एकेक अक्षर. 'एस' म्हणजे औषध लागू पडेल, 'आर' म्हणजे जंतू दाद देणार नाहीत. बाबांच्या यादीत 'एस' फक्त तीन. तिन्ही इंजेक्शनं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, ''या तिघांनीही हात वर केले असते, तर माझ्याकडे द्यायला काही उरलं नसतं.'' सात दिवसांनी बाबा घरी आले. सगळ्यांचे बाबा येत नाहीत. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं गेली.

आता यात बनावट औषधांची भर! २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात मिळालेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या तपासल्या, तर त्यात औषधच नव्हतं. २०२४ मध्ये पोलिसांनी सुमारे १२०० पानांचं आरोपपत्र दाखल केलं. त्यांच्या म्हणण्यानुसार या गोळ्या हरिद्वारच्या, जनावरांची औषधं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत तयार झाल्या होत्या. आत काय? टाल्कम पावडर आणि स्टार्च.

फंडा समजून घ्या. गोळीत औषध कमी असेल, तर कमकुवत जंतू मरतात आणि दणकट जंतू उरतात, वाढतात. औषध अजिबातच नसेल तर गंमत वेगळीच. ताप उतरत नाही, डॉक्टरला वाटतं जंतू हटवादी आहेत, आणि तो थेट वरच्या पट्टीतलं अँटिबायोटिक लिहितो. म्हणजे राखून ठेवायचं शस्त्र पावडरीच्या पापापायी उगाच बाहेर निघतं. अर्धवट सोडलेला कोर्स आणि भेसळीची गोळी ही चुलत भावंडंच!

याहून टोचणारी गोष्ट घराजवळच आहे. पवना ओलांडून पिंपरीत गेलं की हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लागते. १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली, देशातली पहिली सरकारी औषध कंपनी. सामान्य माणसाला पेनिसिलिन परवडावं म्हणून हा खटाटोप झाला. ज्या गावाने देशाला अँटिबायोटिक दिलं, तिथेच आपण ते पेपरमिंटसारखं चघळतोय.

मग करायचं काय? अँटिबायोटिक प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे, तेव्हा मागूही नका. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की समजा, ही डॉक्टरने लिहून द्यायची गोळी. ठरावीक ३०० ब्रँड्सच्या १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या पाकिटांवर क्यूआर कोड असतो, मोबाइल काढा आणि स्कॅन करा. बॅच नंबर असलेलं पक्कं बिल घ्या, कारण बिलाशिवाय तक्रारीला पाय नसतात. शंका आली तर गोळ्या फेकू नका, पाकिटासकट एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

बाबा आता प्रत्येक गोळीचं बिल मागतात. मेडिकलवाला वैतागतो. वैतागू दे!