कोटणीसांच्या घरी



साखरखेर्ड्याहून नणंदेकडे सोलापूरला गेले होते. तिनं भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक दाखवलं. त्यांचंच जुनं घर. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले हे एक. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते, मला ठाऊकच नव्हतं.

तिकडे वडील वारल्याची बातमी पोचली, तरी हे परतले नाहीत. १९४० च्या एका लढाईत सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. तिथल्याच नर्सशी, गुओ क्विंगलानशी, लग्न केलं. बाळ साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, फिट येऊन गेले. वय ३२.

नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, बरा झालेला सैनिक पुन्हा बंदूकच उचलणार ना? मग हे औषधदान कसं?"

मला वाटतं, रक्त वाहतंय त्याच्यापुढे वैद्यानं हा हिशेब करू नये. आपण शिबिराची पावती फाडतो, तेही औषधदानच. पण ते किती सोपं!

मी मात्र त्यांच्या आईचा विचार करत होते. माझा धाकटा डॉक्टर झालाय, सैन्यात जाईन म्हणतो. वर्षभर मी "बघू" म्हणतेय.

दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून निघालो. रिक्षात त्याचाच फोन. या वेळी "बघू" म्हटलं नाही. "हो"ही निघालं नाही. जेवलास का, एवढंच विचारलं.