माळव्यातील एक वेदी

धार आणि देवास ही माळव्यातील दोन नगरे मराठी मनुष्यास परकी वाटत नाहीत. दोन्हीकडे पवारांची गादी होती. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदत होती. जुन्या वाड्यांतून आजही मराठी कानी पडते.

धारला आम्ही ज्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरलो होतो, तेथे रात्री जपमाळ झाल्यावर घरच्या बाईंनी त्या दिवसाचे शुभवर्तमान मराठीतून वाचले. सकाळी मिस्साच्या वेळी तेच हिंदीतून ऐकलेले असताना पुन्हा वाचन कशासाठी, असे आम्ही सहज विचारले. त्या म्हणाल्या, “फादर, देवळात ऐकते ते सगळ्यांसाठी असते. घरी वाचते ते मला उद्देशून आहे असे वाटते.” या उत्तराला जोडण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण ओव्यांतून छापविले, तेव्हा नव्या ख्रिस्ती जनांना आपल्या भाषेत, घरच्या चालीवर काही वाचावयास मिळावे हाच त्यांचा हेतू होता.

देवासला पोहोचल्यावर मात्र प्रश्न पुन्हा मनात उभा राहिला. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमीचे वर्णन त्यांनी केले आहे. त्यातील गोंगाट आणि गोंधळ त्यांना खटकला. परंतु महाराजांची तल्लीन मुद्रा त्यांच्या नजरेतून सुटली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला उपासना अशीच दिसावयाची, मग ती कोणाचीही असो. याच गावी कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन राहिले. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत माळवी लोकगीते आणि निर्गुणी भजने त्यांच्या कानांवर पडत राहिली, व पुढे कबीराची पदे त्यांनी अशी गाइली की ती जणू त्यांचीच झाली. पद शेकडो वर्षांचे, आणि गाणाऱ्याचे दुखणे मात्र स्वतःचे!

आमच्या प्रवासाचे खरे ठिकाण देवास जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील उदयनगर हे होते. केरळातील पुलुवळी गावच्या, फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या भगिनी राणी मारिया येथे १९९२ पासून काम करीत होत्या. आदिवासींना सावकारी कर्जातून सोडविणे आणि त्यांच्या हक्कांची जाणीव करून देणे, हे ते काम. ज्यांचा नफा बुडत होता त्यांना ते सहन झाले नाही. दिनांक २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग याने त्यांना भोसकून ठार मारले. वय अवघे एकेचाळीस. दिनांक ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्यांचे अवशेष उदयनगरच्या चर्चमध्ये आहेत.

पुढची हकीकत वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. राणी मारियांची धाकटी बहीण, भगिनी सेल्मी पॉल, हिने २००२ साली तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. त्याची सुटका व्हावी यासाठी कुटुंबाने साहाय्य केले व २००६ साली तो सुटला. पुढे तो पुलुवळीस वृद्ध मातापित्यांची क्षमा मागावयास गेला. आपल्या मुलीचे रक्त ज्या हातांना लागले, ते हात चुंबावेत अशी आईची इच्छा होती, असे सांगतात.

येथे थोडे आमच्या व्यवसायाविषयी लिहितो. मिस्साच्या आरंभी धर्मगुरू वेदीचे चुंबन घेतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. प्राचीन ख्रिस्ती लोक रक्तसाक्ष्यांच्या थडग्यांजवळ एकत्र जमत. पुढे त्यांच्या अस्थी वेदीत ठेवण्याची प्रथा पडली. जुन्या लॅटिन विधीत या चुंबनासमयी, ज्यांचे अवशेष येथे आहेत त्या संतांचा उल्लेख असलेली प्रार्थना हळू आवाजात म्हणत. १९७० च्या मिस्साग्रंथात ती राहिली नाही, चुंबन तेवढे राहिले. सेमिनरीत हे सारे आम्हांस शिकविले गेले. परंतु दररोजचे कृत्य अंगवळणी पडते, आणि त्यात कोणाचा दोष असतो असेही आम्हांस वाटत नाही. श्वासाचा विचार करीत कोणी श्वास घेत नाही.

तेथील धर्मगुरूंच्या अनुमतीने दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मिस्साबलिदान अर्पिले. समोर दहाबारा आदिवासी स्त्रीपुरुष, एक भगिनी आणि आईच्या पदराआड दडलेले एक पोर. वेदीवर ओणवे झालो तेव्हा त्या मातेचे आणि त्या हातांचे स्मरण झाले. ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना हिंदीतून चालली होती. क्षमेची ओळ आली तेव्हा मंडळींचा आवाज मंद झाला नाही, की चढलाही नाही. इतर ओळींप्रमाणेच त्यांनी ती म्हटली. तो मारेकरी सुटून आल्यावर तिच्या थडग्याशी येत असे, हे त्यांना सर्वांना माहीत होते. आमचाच स्वर त्या ओळीला जरा मागे राहिला.

मिस्सा आटोपल्यावर आम्ही नित्यप्रार्थनेचे पुस्तक उघडून बाहेर कट्ट्यावर बसलो. ते पोर आले, पुस्तकातील रंगीत फिती ओढून पाहू लागले, आणि स्तोत्राचे पान हरवले. मग ज्या पानावर त्याने फीत ठेवली, तेथूनच आम्ही वाचावयास आरंभ केला.