मागच्या बाकावरची

आमच्या वर्गातल्या सगळ्या आता साठीला टेकल्या. कोणी बँकेतून निवृत्त झाली, कोणी न्यू जर्सीला नातवंडं सांभाळते, दोघींचे गुडघे बदलून झाले. परवा हॉटेलात जमलो, तेव्हा हे सगळं चहा यायच्या आत सांगून उरकलं.

खरी बातमी मागच्या बाकावरचीची. पी.टी.च्या तासाला हमखास पोट दुखणारी ही बया नवरा गेल्यावर पर्वती चढायला लागली. शंभरावर पायऱ्या, रोज पहाटे! भर हॉटेलात साडी वीतभर वर करून तिनं टणक पोटऱ्या दाखवल्या. १८८४ साली सुरू झालेल्या हुजूरपागा शाळेच्या मुली आम्ही; बाई असत्या तर डोळे वटारले असते. मला मात्र हेवा वाटला. मुलांच्या पॅकेजचं पुराण लावणाऱ्या लवकर उठल्या, तेही बरंच झालं. मग आम्ही आणखी एक मिसळ मागवली.