कुलूप ओढून पाहणारा माणूस

आमच्या घरात मला भित्रा म्हणतात. एप्रिलात मी छत्री घेऊन बाहेर पडतो, पाचच्या गाडीसाठी साडेतीनला स्टेशन गाठतो आणि दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहतो. “अहो, तुटेल ते!” इति सौ. अशा माणसाचं दैवत कोण असणार? तिग्रान पेट्रोशियन!

१९६३ साली बोटविनिकला हरवून हा बुद्धिबळाचा जगज्जेता झाला आणि १९६९ पर्यंत राहिला. तरी शौकीन मंडळी त्याच्यावर नाराजच. त्यांना हवी मारामारी. आणि हा आपला समोरच्याला चाल सुचायच्या आतच तिची वाट बुजवून बसायचा. १९६२ साली कुरासावला आव्हानवीर ठरवायची स्पर्धा झाली. पेट्रोशियन २७ डाव खेळला. ८ जिंकले, १९ बरोबरीत सोडवले, हरला एकही नाही. बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये आयुष्यभरात डाव १२९ आणि हार एकच. तीसुद्धा १९७२ साली, घड्याळातली वेळ संपली म्हणून!

कानानं तो अधू होता. श्रवणयंत्र लावायचा आणि डाव रंगला, गोंगाट वाढला की खुशाल बंद करून टाकायचा. महिन्याच्या एक तारखेला सौ. हिशेब विचारते तेव्हा मला त्याचा फार हेवा वाटतो.

पण हा भित्रा नव्हे हो! १९५३ साली झुरिकला रेशेव्हस्कीविरुद्ध कोंडी झाली, तेव्हा यानं आपणहून हत्ती उंटाच्या तोंडी दिला आणि डाव बरोबरीत सोडवला. घर वाचवायला काय द्यावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. तिफ्लिसमधल्या आर्मेनियन घरात जन्मलेला हा पोरगा महायुद्धाच्या काळात पोरका झाला. पोटासाठी त्यानं रस्ते झाडले. ज्याचं छप्पर एकदा उडालं, तो पुढं जन्मभर आधी आभाळ बघतो, मग पाऊल टाकतो.

माझे वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. दिवस पावसाचे होते. ही गोष्ट मी घरात कधी फारशी बोललो नव्हतो. परवा पेट्रोशियनबद्दल सांगता सांगता सौ.ला सांगून गेलो. ती नुसती ऐकत राहिली.

काल आम्ही दोघं बाहेर निघालो. मी सवयीनं कुलूप तीनदा ओढलं. सौ. काही बोलली नाही. पुढं झाली आणि तिनं ते चौथ्यांदा ओढून पाहिलं.