नकार देणारा ब्रेक

आज्ञा पाळणाऱ्या नोकराचे कौतुक सारेच करतात. परंतु आज्ञा नाकारणाऱ्याचे कारण ऐकून घेण्याइतका धीर फार थोड्या धन्यांजवळ असतो. हा धीर मला पन्नाशीनंतर आमच्या मोटारीने शिकविला.

या मोटारीला ओढावयाचा हॅन्डब्रेक नाही, बटण आहे. ते उचलले की मागच्या चाकांपाशी बसविलेल्या दोन चिमुकल्या विजेच्या मोटारी कुरकुरत ब्रेक आवळतात. शेजारीच दुसरे बटण आहे. ते चालू असले म्हणजे गाडी थांबल्यावर पाय काढला तरी ब्रेकच्या नळ्यांतील तेलाचा दाब कायम राहतो आणि चढावरही गाडी मागे सरत नाही.

गेल्या पावसाळ्यात हे दुसरे बटण एकाएकी मुके झाले व पिवळा दिवा लागला. एका कारखान्याने चाकांजवळील दोन्ही मोटारी बदलण्याचा निकाल दिला. खर्चाचा आकडा ऐकून पत्नी म्हणाली, "अहो, एवढ्या पैशांत चाकाखाली दगड ठेवायला वर्षभर माणूस मिळेल!"

अखेर गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाकाला हातच लावला नाही. चालकाचे दार नीट लागते का, पट्टा अडकवताच त्याचा दिवा विझतो का, ब्रेक दाबल्यावर मागचे तांबडे दिवे पेटतात का, एवढेच त्यांनी पाहिले. "हे याचे साक्षीदार, सर. यांतला एक जरी फुटला, तरी हा जबाबदारी घेत नाही." साक्षीदार खरे निघाले. मग त्यांनी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी मोजली. भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते. आमची 12 च्याही खाली होती.

तेव्हा नकाराचे मर्म उमगले. गाडी फार वेळ थांबली किंवा चालकाने पट्टा सोडला, तर तेलाच्या दाबाने धरलेला भार शेवटी त्या दोन मोटारींवरच सोपविला जातो. त्यांना एकदम पुष्कळ वीज लागते. ज्याच्या खांद्यावर अखेर ओझे द्यावयाचे तोच दुबळा असेल, तर ते आरंभी उचलावे कशाला? नवी बॅटरी बसली, जुनी नोंद पुसली गेली आणि दिवा विझला.

निघताना मिस्त्रींनी दोन गोष्टी बजावल्या. मागचे ब्रेकपॅड बदलताना त्या मोटारी आधी उपकरणाने मागे घ्याव्यात. जोराने दट्ट्या ढकलला तर आतील दाते मोडण्याचा संभव असतो. आणि पार्किंग ब्रेकचा तांबडा दिवा लुकलुकत असेल तर गाडी उतारावर सोडून जाऊ नये. सपाट जागा गाठावी आणि चाकाला दगड लावावा.

आमची गल्ली उताराची आहे आणि तिच्या तळाशी संध्याकाळी मुले खेळतात. बटण उचलल्यावर ती बारीक कुरकुर कानी पडून तांबडा दिवा स्थिर झाल्याखेरीज मी आता दार उघडीत नाही.